रविवार धरत नाहीत

तपकिरीची डबी मास्तरांनी मंगळवारी दुपारीच पुसून कपाटात ठेवून दिली होती. यंदा आपल्याला तपकीरच सोडावी लागणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आपण शिंकलो की सूनबाई दोन बोटांनी नाक दाबते, हे काय त्यांना दिसत नव्हतं? तेव्हा कोणी सांगायच्या आत आपणच तयार असलेलं बरं. "अरे, डबी तर केव्हाच कपाटात गेली," असं हसत हसत म्हणायचं आणि सगळ्यांची जिरवायची, असा त्यांचा बेत होता.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, कोपऱ्यावरच्या सलूनचे. दोन खुर्च्यांचं दुकान. दाराजवळची खुर्ची त्यांची, आतली मुलाची.

घरातली पद्धत अशी होती. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस राखेच्या बुधवारी सुरू होतात. त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, आणि जेवण झालं की प्रत्येकानं दुसऱ्याला सांगायचं, यंदा तू अमुक सोड. स्वतःचं स्वतः निवडायची सोय नव्हती. ही पद्धत मास्तरांच्या बायकोनं काढलेली. ती म्हणायची, माणसाला निवडू दिलं तर तो दाढदुखी सोडेल. तिचे आणखी दोन नियम होते. नाही म्हणायचं नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही.

ती गेल्या उन्हाळ्यात गेली. तिच्याशिवायचा हा पहिलाच मंगळवार.

जेवणं झाली. मुलानं जेवताना फोन बघणं सोडायचं ठरलं. सूनबाईचा दुपारचा चहा गेला. मावशीची संध्याकाळची मालिका गेली. मावशी म्हणजे मास्तरांच्या बायकोची धाकटी बहीण. इस्पितळात नर्स होती, त्यामुळे सुई टोचायच्या आधी दोन गोड शब्द बोलायची तिला सवयच नव्हती. मास्तरांना काय सोडायचं ते आजवर बायको सांगायची, आता ते काम मावशीकडे आलं होतं.

"भाऊजी," मावशी म्हणाली, "तुम्ही ताईबद्दल बोलणं सोडा."

मास्तरांच्या ओठांवर डबीचं वाक्य तयार होतं. ते तिथंच राहिलं.

"काय सोडू?"

"ताईबद्दल बोलणं. ईस्टरपर्यंत. तिची गोष्ट नाही, 'ती असती तर' नाही. घरात नाही की दुकानात नाही."

मास्तरांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा मिठाच्या बरणीकडे असा बघत होता, की जणू ती त्यानं जन्मात पाहिली नव्हती. सूनबाई उठून ताटं गोळा करायला लागली. मास्तरांच्या ताटात अजून दोन घास होते, तेही ताट तिनं उचललं. म्हणजे सगळं आधीच शिजलेलं होतं.

"आणि हे का म्हणून?"

"विचारायचं नाही, बाबा," मुलगा हळूच म्हणाला. "आईचाच नियम."

"बघा! आता हा बोलला ना आईबद्दल? ह्याला चालतं!"

"बाबा, उपास उद्यापासून. आज बोला ना, हवं तेवढं बोला."

दुकान बंद व्हायच्या आत काय न्यायचं ते न्या, असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं! मास्तर उठले. खोलीत गेले, कपाट उघडलं, डबी काढली, आणि अशी चिमूट ओढली की पाठोपाठ आलेल्या शिंका घरातल्या सगळ्यांना नीट ऐकू गेल्या.

बुधवारी सकाळी कपाळाला राख लावून ते दुकानात आले. पहिलं गिऱ्हाईक ड्रायव्हर, जवळच्याच डेपोत बस चालवणारा, तोंडाळ माणूस.

"मास्तर, बरं झालं भेटलात. वहिनी दुकानाचे टॉवेल उन्हात वाळवायच्या की सावलीत? तुम्ही मागे सांगितलं होतं, माझ्या लक्षात नाही. आमच्या घरी त्यावरनं जुंपलीय."

सावलीत. सावलीतच! उन्हात वाळवले की कडक होतात आणि गिऱ्हाइकाची मान सोलून निघते. ती टॉवेल झटकायची तेव्हा त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, आणि झटकताना ती कोणावर रागावली आहे हेही त्या आवाजावरून कळायचं. हे सगळं मास्तरांच्या जिभेच्या टोकावर आलं. आतल्या खुर्चीवरून मुलगा आरशातून बघत होता.

"मला नाही माहीत," मास्तर म्हणाले.

उपासाचा पहिला दिवस, कपाळावर राख, आणि तोंडात खोटं! हे पुण्यकर्म मावशीच्या खात्यावर जमा होवो, असं मनात म्हणत त्यांनी ड्रायव्हरची मान खाली दाबली, जरा जोरातच.

तसे मास्तर पहिल्यापासून बोलके. ती जिवंत होती तेव्हाही दुकानात तिच्याबद्दल बोलायचे. ती काय म्हणाली, तिचा गुडघा कसा दुखतो, ती हसताना तोंडावर हात कशी ठेवते, लाजाळू मुलीसारखी, ह्या वयातसुद्धा. गिऱ्हाइकं ऐकायची. तिच्या पश्चात ते जास्त बोलायला लागले, एवढंच. रडत नव्हते, कोणाच्या खांद्यावर डोकं ठेवत नव्हते. नुसतं सांगत होते. खुर्चीत बसलेला माणूस, गळ्याला कापड बांधलेलं, हात आत. त्याचं ऐकायला काय जातं?

आणि सांगत होते तोवर ती दुकानात येऊन-जाऊन होती. हे कोणाला कळत नव्हतं. ईस्टरपर्यंत आपण तोंडाला कुलूप लावलं, तर ह्या लोकांना त्याची सवय होणार. मग तिचं नाव काढणारा कोण राहणार? मुलगा? तो तर पहिल्या दिवसापासून शीळ घालत कात्री चालवत होता. बापाच्या तोंडाला बूच बसलं, म्हणून शीळ!

दुसऱ्या आठवड्यात हेडक्लार्क आले. रिटायर झालेले गृहस्थ, कित्येक वर्षं मास्तरांच्याच खुर्चीत बसायचे. गेल्या काही महिन्यांपासून मात्र "दाराचा वारा लागतो हो" म्हणून मुलाच्या खुर्चीत जात. आज आले ते सरळ दाराजवळच्या खुर्चीत बसले.

"वारा नाही लागत आता?" मास्तरांनी विचारलं.

"छे, हल्ली बरा आहे."

दार उघडंच होतं. बाहेर एवढा वारा होता, की दुकानाची पाटी साखळीवर करकरत होती. मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्या उजेडानं त्यांचं डोकं तापलं. म्हणजे हा माणूस वाऱ्याला नाही, आपल्या बायकोला चुकवत होता! जिनं ह्याच्या आजारपणात घरी भांडंभर सूप पाठवलं, तिचं नाव ह्याला चार महिने ऐकवेना!

"कल्ले जरा वर घ्या," हेडक्लार्क म्हणाले.

मास्तरांनी कल्ले इतके वर घेतले, की माणूस घरी गेल्यावर बायकोनं ओळखलं असेल की नाही कोण जाणे.

फादर दाढी करून घ्यायला आले तो शुक्रवार होता. मुलगा सामान आणायला गेला होता. मास्तरांनी संधी साधली. फेस लावता लावता विचारलं, "फादर, उपासात माणसानं वाईट सोडायचं असतं ना?"

"वाईट ते कायमचं सोडायचं, मास्तर. उपासात सोडायचं ते आवडीचं."

"म्हणजे चांगलंसुद्धा?"

"चांगलंच. वाईट सोडण्यात कसला आलाय त्याग?"

मास्तरांना हे उत्तर मुळीच आवडलं नाही. त्यांनी सगळी कैफियत मांडली. म्हणजे जेवढी मावशीचा हुकूम न मोडता मांडता येईल तेवढी. "घरातलं एक माणूस" असं म्हणत म्हणत.

फादर हसले. "अगदीच जीव गुदमरत असेल तर रविवारी बोला. रविवार उपासात धरत नाहीत."

वस्तरा हवेत थांबला.

"काय धरत नाहीत?"

"रविवार. तो आनंदाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजून बघा, रविवार वगळलेत तरच चाळीस होतात. तुम्हाला माहीत नव्हतं? तुमच्या मिसेसना तर पक्कं माहीत होतं. दर वर्षी मला विचारून खात्री करून घ्यायच्या."

फादरांच्या एका गालावरचा फेस वाळायला लागला.

"माझं काही चुकलं का?"

"मान सरळ ठेवा, फादर."

फादर गेल्यावर मास्तरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर कंगव्याचं टोक ठेवून मोजलं. सेहेचाळीस. परत मोजलं. सेहेचाळीसच. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, आणि ह्या माणसानं एकदाही मोजलं नव्हतं. बायको म्हणाली सुरू, की सुरू. बायको म्हणाली सुटला, की सुटला. "चाळीस म्हणजे चाळीस, त्यात काटछाट नाही," असं तीच तर सांगायची! बिनसाखरेचा चहा त्यांनी रविवारीसुद्धा बिनसाखरेचा प्यायला होता. आणि ते दुपारच्या झोपेचं वर्ष! दुपारी झोपायला त्यांना मिळायचं ते फक्त रविवारी, कारण दुकान फक्त रविवारी बंद. तिनं झोप सोडायला सांगितली, आणि मास्तर सगळे रविवार कडक पाठीच्या खुर्चीत डोळे ताणून बसून राहिले. ज्या वारी झोपायचं तोच वार धरत नाहीत! मग सोडलं काय? सोमवारी दुकानात झोपायचं?

फसवणूक. शुद्ध फसवणूक. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगणं म्हणजे तिच्याबद्दल बोलणं. तो शुक्रवार आणि शनिवार मास्तरांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. शनिवारी ड्रायव्हरनं विचारलंसुद्धा, "मास्तर, पोट दुखतंय का?"

रविवारी चर्चहून सगळे घरी आले. मावशीही नेहमीप्रमाणे जेवायला होती. मास्तर पहिला घासही न घेता म्हणाले, "आज मी बोलणार आहे."

"भाऊजी—"

"रविवार धरत नाहीत! फादरांना विचार. आणि तुला विचारायची गरज नाही, तुला माहीत आहे. तुझ्या बहिणीलाही माहीत होतं. पस्तीस वर्षं मला चाळीसच्या नावाखाली सेहेचाळीस दिवस उपाशी ठेवलं तिनं! ती स्वतः काय करत होती रविवारी? सांग!"

मावशीनं आधी ओठ दाबले. मग तिला हसू आवरेना. चमचा खाली ठेवून ती हसली.

"क्रीमरोल खात होतो, भाऊजी."

"कोण?"

"आम्ही दोघी. पुलापलीकडच्या बेकरीत. उपासातला प्रत्येक रविवार."

"खोटं. उपासातल्या रविवारी तुम्ही आत्याला बघायला जायचात. आत्या अंथरुणाला खिळली होती."

"आत्याला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही मातीला आला होतात. काळा कोट घालून."

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. "मला वाटलं ती दुसरी आत्या."

आता मुलगाही हसायला लागला. सूनबाईनं तोंड वळवलं, पण तिचे खांदे हलत होते. मास्तरांनी टेबलावर हात आपटला, पाण्याचे पेले थरथरले.

"हसता काय! नवरा घरात खुर्चीत ताटकळत बसलाय, आणि ही मेलेल्या आत्याला बघायला जाते! मला सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं का? मीही आलो असतो! का नाही सांगितलं मला?"

मावशीचं हसू ओसरलं.

"कारण तुम्ही सोमवारी दुकानात सांगितलं असतंत."

"मग? त्यात काय?"

"ताईचा गुडघा दुखायचा तेव्हा डेपोतला ड्रायव्हर भर बसमधे ओरडून विचारायचा, वहिनी, गुडघा कसा आहे? ती पुढच्या स्टॉपला उतरून चालत यायची, त्याच गुडघ्यानं. आणि तिनं कवळी बसवली ते कोणाकोणाला सांगितलं होतंत?"

"कौतुकानं सांगितलं. दात किती छान दिसतात म्हणून."

"तेव्हापासून ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली, भाऊजी. त्याच्या आधी बघा आठवून, ठेवायची का कधी?"

कोणी जेवत नव्हतं. मास्तरांनी आठवून बघितलं. आठवलं, आणि नसतं आठवलं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"ती म्हणायची, माझं असं एक तरी असू दे, जे त्या खुर्चीत बसून गावानं ऐकलेलं नाही," मावशी म्हणाली. "दर वर्षी उपासाच्या आदल्या मंगळवारी मला सांगायची, यंदा त्याला हेच सोडायला सांगते, माझ्याबद्दल बोलणं. आणि टेबलाशी बसली की साखरेवर यायची. म्हणायची, नको गं, तो मुका होईल. तिच्यानं कधी झालं नाही, म्हणून मी केलं."

मास्तर उभे राहिले. "पस्तीस वर्षं एका घरात राहिलो. का म्हणून विचारायचं नाही असा नियम होता. सांगायचं नाही असा तर नव्हता ना? एकदा तोंडानं म्हणायचं, दुकानात माझं काही बोलू नकोस! मी काय तिला खाल्लं असतं? तिला भांडता येत नव्हतं का? टॉवेलांशी तर चांगली भांडायची!"

आणि ते खोलीत निघून गेले. तपकिरीची डबी हातात घेऊन बराच वेळ पलंगावर बसले, पण ओढली नाही.

पुढचा आठवडाभर ते कोणाशीच धड बोलले नाहीत. पण रविवारी चर्च सुटल्यावर मावशीजवळ आले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "चल. आत्याला बघायला."

बेकरी अगदीच साधी होती. तीन टेबलं, काचेचं कपाट, गल्ल्यावर एक जाड बाई. मास्तरांना वाटलं होतं, नवऱ्याशी खोटं बोलून यायचं म्हणजे जागा तरी तशी असेल. क्रीमरोल आले. त्यांनी एक घास घेतला. पापुद्रा मऊ पडलेला, क्रीम नुसतं गोड.

"ह्यासाठी?" ते म्हणाले.

"हो, ह्यासाठी," मावशी म्हणाली.

गल्ल्यावरची बाई टेबल पुसायला आली आणि मावशीला ओळखून थांबली. "बऱ्याच दिवसांनी! दुसऱ्या ताई नाही आल्या? त्या काय हसतात हो! एवढं मोठं तोंड उघडून. नाकाला क्रीम लागलं तरी हसणं चालूच."

मास्तरांनी क्रीमरोल खाली ठेवला. समोर एक माणूस होतं, ज्यानं तिच्याबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्दही ऐकला नव्हता. कोरं करकरीत. आज रविवार होता. मावशी त्यांच्याकडे बघत होती, पण अडवत नव्हती. टॉवेल, गुडघा, सूप, सगळं घशाशी आलं.

"ती गेली," मास्तर म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यात. मी तिचा नवरा."

बाईचा फडक्यावरचा हात थांबला. "अरे देवा. चांगली होती हो बाई." मग म्हणाली, "नवरा होता होय त्यांना? कधी बोलल्या नाहीत."

"कधीच नाही?"

"नाही बा."

"एवढ्या वर्षांत माझं एकदाही नाव काढलं नाही?"

"भाऊजी, हळू," मावशी म्हणाली.

परत येताना पुलावर मास्तर तावातावानं चालत होते. आपण उभं गाव गोळा करून हिचं कौतुक सांगितलं, आणि हिनं आपण आहोत एवढंसुद्धा कोणाला सांगितलं नाही! मावशी मागे पडली होती. तिच्यासाठी थांबावं लागलं, तेव्हा ते कठड्याला धरून उभे राहिले. तोंड एवढं उघडून हसायची. हे त्या क्रीमरोलवालीनं बघितलं आणि आपण नाही.

ईस्टर झाला. मास्तरांनी काय सोडलंय ते एव्हाना मुलाकडून ड्रायव्हरला कळलं होतं. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी तो दुकानात आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि आरशात बघून म्हणाला, "चला मास्तर, सुटला तुमचा उपास! आता होऊन जाऊ दे. वहिनींचं काहीतरी सांगा. खरं सांगू, एवढे दिवस चुकल्यासारखं वाटत होतं."

मुलाची कात्री थांबली. बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या हेडक्लार्कांनी पेपर खाली केला.

मास्तरांनी कापड झटकलं, ड्रायव्हरच्या गळ्याभोवती बांधलं. मेलेली आत्या, काळा कोट, नाकाला क्रीम. आजवर दुकानात सांगितलेल्या सगळ्या गोष्टी एकीकडे आणि ही एकीकडे. बस उलटी जाईल एवढा हसेल हा ड्रायव्हर. हेडक्लार्कसुद्धा वारा-बिरा विसरून खुर्ची ओढून बसतील. इतकी चांगली गोष्ट बायकोनं ठेवली, आणि ती सांगायची बंदी करून गेली. असा अन्याय त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"टॉवेल सावलीत वाळवायचे," मास्तर गुरगुरले. "आता मान खाली घ्या."